चाँद विकत घ्यायचा की कातरायचा?

शब-ए-बारात उलटली की मोबाईलवर रमजानच्या सजावटीच्या जाहिराती सुरू होतात. सोनेरी प्लॅस्टिकचा चाँद, बॅटरीवर लुकलुकणारी ताऱ्यांची माळ, 'रमादान करीम' अशी इंग्रजी अक्षरं असलेले फुगे, इफ्तारसाठी चंद्रकोर छापलेल्या कागदी प्लेटी. सगळं एकाच खोक्यात, घरपोच. गेल्या काही वर्षांत ही खोकी आपल्या मोहल्ल्यांतही शिरली आहेत. दोन खोल्यांच्या घरात, जिथे दस्तरख्वान अंथरायचा तर आधी शिलाई मशीन सरकवावी लागते, तिथेही आता भिंतीचा एक कोपरा 'रमजान कॉर्नर' असतो. फोटो काढायला बरा पडतो. ईदनंतर तो उतरवला की निम्मं सामान कचऱ्यात जातं, निम्मं पलंगाखाली. पुढच्या वर्षी बॅटरीला गंज चढलेला असतो, मग नवं खोकं.

यावर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दरवर्षी ठरलेलं भांडण होतं. एक बाजू म्हणते, ही नुसती फिजूलखर्ची, वर दुसऱ्यांच्या सणांची नक्कल. रमजान इबादतीचा महिना आहे, दिवाळी नव्हे. दुसरी म्हणते, पोरांना आनंद मिळतो तर तुमचं काय जातं? मौलाना लोकांच्या क्लिपा इकडून तिकडे जातात, कुणीतरी ग्रुप सोडतं, तेवढ्यात चाँदरात येते.

मला हे भांडण चुकीच्या जागी चाललंय असं वाटतं. सजवावं की नाही हा प्रश्न नाहीच. सजावट कोणाच्या हातून होते, हा प्रश्न आहे. खोकं फोडून टेपने भिंतीला चिकटवणं आणि चार पोरांनी जमिनीवर बसून कागद कातरणं, यांना आपण एकच नाव देतो. पण पहिल्यात पैसे जातात आणि दहा मिनिटं जातात. दुसऱ्यात पैसे जवळपास जात नाहीत, दुपार मात्र जाते. आणि रमजानमध्ये दुपार घालवणं हीच तर खरी अडचण असते, विशेषतः पहिलेवहिले रोजे धरणाऱ्या पोरांची.

इथे मला बुखारीतल्या एका हदीसची आठवण होते. आपल्या जुम्याच्या बयानांत ती फारशी ऐकू येत नाही. मदिनेच्या अन्सारांमधल्या रुबय्यी बिन्त मुअव्विज या सहाबिया आशुराच्या रोजाबद्दल सांगतात. त्या दिवशी मोठी माणसं रोजा ठेवायची, मुलांनाही ठेवायला लावायची. मुलांसाठी लोकरीची खेळणी बनवली जायची. एखादं पोर भुकेने रडायला लागलं की त्याच्या हाती ते खेळणं द्यायचं, रोजा सोडायची वेळ होईपर्यंत. इतकीच हकीकत आहे. पण जरा डोळ्यांपुढे आणून पाहा. मदिनेतलं घर, उन्हाचा पहारा, रडवेलं पोर, आणि आईच्या हातात लोकरीचा गुंडा. कुठली तरी गाठ मारून, कुठे दोरा गुंडाळून ती त्याचा उंट करते आहे की मेंढी, ते रावी सांगत नाही. बाजारातून आणलेलं खेळणं असतं तर 'आम्ही बनवायचो' असं सांगायची गरजच पडली नसती.

दुसरी हदीस बऱ्याच जणांना ठाऊक असते. हजरत आयेशा यांच्याकडे बाहुल्या होत्या. अबू दाऊदमधल्या एका रिवायतीत त्या बाहुल्यांमध्ये एक घोडा आहे, त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले आहेत. पैगंबरांनी विचारलं, घोड्याला पंख असतात का? तर त्यांनी उत्तर दिलं की सुलैमान यांच्या घोड्यांना पंख होते, हे तुम्ही ऐकलं नाही का? त्यावर पैगंबर खळखळून हसले. फिकहच्या पुस्तकांत या हदीसवर चित्र, मूर्ती, खेळणी यांच्या जायज-नाजायजची लांब चर्चा आहे आणि ती चर्चा तज्ज्ञांनी करावी. मला त्यात एवढंच दिसतं की एका मुलीने हाताशी असलेल्या चिंधीतून जगात नसलेली गोष्ट केली, तिच्याकडे त्यासाठी दलीलही तयार होती, आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने तिला दटावलं नाही.

फिजूलखर्चीचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. बनी इसराईल सूरेत उधळ्या माणसांबद्दल फार कडक शब्द आले आहेत. पण मग तो निकष नीट लावा. ऑनलाइन मागवलेल्या खोक्याला लावा, इफ्तार पार्टीत उरणाऱ्या बिर्याणीच्या डेगांना लावा, चाँदरातीच्या खरेदीला लावा. घोटीव कागदाचे चार ताव, एक कात्री आणि वाटीभर मैद्याची खळ यांत उधळेपणा शोधायचा असेल तर भिंगच लागेल.

आता नकलेचं. माझ्या ओळखीच्या एका घरातली तिसरीतली मुलगी दिवाळीआधी शाळेत आकाशकंदील करून आली. डिसेंबरात कापसाचा बर्फ लावलेलं ख्रिसमसचं झाड करून आली. मग ईद जवळ आली तसं तिने विचारलं, "अम्मी, अपनी ईद का क्या बनाते?" अम्मीला सुचेना. "शीरखुर्मा बनाते बेटा," ती म्हणाली. उत्तर खोटं नाही, पण शीरखुर्मा अम्मी बनवते, मुलगी नाही. शाळेवर रागावण्यात अर्थ नाही. बाईंनी कंदील शिकवला ते उत्तमच केलं. माझा प्रश्न आपल्या घरांना आहे. आपण मुलांना ईदचे कपडे देतो, ईदी देतो, अत्तर लावतो. ईदमध्ये त्यांनी स्वतः करावं असं काम कोणतं देतो?

आणि कंदिलाला परका म्हणणाऱ्यांनी एकदा कोश उघडून बघावा. 'कंदील' हा शब्द मराठीत अरबीतून आला आहे, 'किंदील'वरून. 'कागद' फारसीतून आला. 'शाई' फारसी सियाहीतून, 'लिफाफा' अरबीतून. म्हणजे दिवाळीचा कंदील करायला बसलेला मराठी मुलगा ज्या वस्तूला हात लावतो त्यांतल्या निम्म्यांची नावं आपल्याच घरातून गेलेली असतात, आणि कामट्या, खळ, करंज्या, झिरमिळ्या ही त्याच्या घरची नावं आपल्याही तोंडात असतात. कोण कोणाची नक्कल करतंय याचा हिशेब मांडत बसलं तर वही संपेल. दिवाळीच्या बाजारात कंदील बांधणाऱ्या नि विकणाऱ्या हातांत आपलेही हात असतात, ते वेगळंच.

नुसत्या शब्दांचंही सोडा. कागद करणं हाच महाराष्ट्रात मुस्लिम कारागिरांचा धंदा होता. औरंगाबादजवळ दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं. मुहम्मद तुघलकाने 1327च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांशी या गावाची सुरुवात जोडली जाते. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, त्यांचा लगदा हौदात कालवायचा, चौकटीवर उचलायचा, वाळवायचा, घोटायचा. जुन्नरचे कागदी प्रसिद्ध होते. पुण्यात कसब्याजवळ कागदीपुरा आहे, त्याचं नाव या लोकांवरूनच पडलं. पेशव्यांच्या दफ्तरातल्या मोडी कागदांवर संशोधक वर्षानुवर्षं वाकून बसतात, तेव्हा त्यांच्या बोटांखाली यांच्या हातचं काम असतं. चिंधीचा कागद होतो, कागदाचा चाँद होतो, आणि आपण तो चाँद समुद्रापलीकडच्या कारखान्यातून मागवतो. मला हे विनोदी वाटतं, थोडं वाईटही.

ताबुतांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मोहरम हा सण नव्हे, दुःखाची आठवण आहे, म्हणून ताबुताला सजावट म्हणणं काहींना खटकेल. आपल्यातल्या अनेकांना तर ताबूतच मान्य नाहीत. ते मतभेद जुने आहेत, ते असू देत. मी फक्त हातांकडे बघते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत शंभर फुटांहून उंच जातात. बांबू, सूत आणि रंगीत कागद एवढ्यावर ते उभे राहतात. त्यांच्या भेटी पाहायला गावोगावचे लोक येतात आणि त्या कामात नि मानात हिंदू घराणीही असतात. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात लहान लहान गावांत एखाद-दुसरं मुस्लिम घर असतं, तिथेही डोला बांधला जातो, कित्येकदा तो बांधणारं घर हिंदूच असतं. कागद किती ताणायचा, खळ किती पातळ ठेवायची, जाळी कातरताना घडी किती पदरी घ्यायची, हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ज्यांना ताबूत नको त्यांनी तो करू नये. पण त्याच्याबरोबर ती कात्रीही टाकून द्यायची का, याचा विचार कोणी केला नाही. सुधारणेच्या नावाखाली आपण पुष्कळ गोष्टी सोडल्या. त्यातल्या काही सोडायलाच हव्या होत्या. पण सोडताना त्या गोष्टीतला विश्वास कोणता आणि नुसतं कसब कोणतं, हे वेगळं काढायची तसदी घेतली नाही.

कैरोमध्ये हाच झगडा वेगळ्या रूपात झाला. इजिप्तमध्ये रमजानचा दिवा म्हणजे फानूस. आपल्या आजीच्या मराठीतला 'फाणस' तो हाच. पत्र्याचा सांगाडा, रंगीत काचा, आत मेणबत्ती. फातिमी खलिफा मुइज्ज कैरोत आला तेव्हा लोक दिवे घेऊन रस्त्यावर आले आणि तिथून ही चाल पडली, अशी लोककथा सांगतात. सय्यदा जैनबच्या भागात आजही रमजानआधी फानूसांचे बाजार लागतात. मग चीनहून प्लॅस्टिकचे फानूस आले, स्वस्त, बटण दाबलं की गाणं म्हणणारे. पोरांना ते आवडले, कारागिरांचं काम गेलं. 2015 साली इजिप्त सरकारने लोककलेच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली, त्यात हे फानूसही आले. बंदीने असे प्रश्न सुटतात यावर माझा विश्वास नाही. पण एका देशाच्या सरकारला खेळण्यातल्या दिव्यासाठी हुकूम काढावासा वाटला, यावरून गोष्ट दिसते तेवढी पोरकट नाही हे कळतं.

आपल्याकडे अशी एकच खूण नाही, आणि मला तेच बरं वाटतं. म्हणजे काय करायचं ते आपण ठरवू शकतो. मुलांच्या हाती एक कंपास द्या. वर्तुळ काढा. कंपास तेवढाच उघडा ठेवून वर्तुळाच्या कडेवर एकापुढे एक खुणा करत जा. बरोबर सहाव्या पावलाला तुम्ही पहिल्या खुणेवर परत येता. कमी नाही, जास्त नाही. पाचवीतल्या मुलाने हे पहिल्यांदा केलं की तो पुन्हा करून बघतो, कारण त्याला ते खोटं वाटतं. त्या सहा खुणांवर कंपासाचं टोक ठेवून आत कमानी काढल्या की सहा पाकळ्यांचं फूल उमटतं. जगभरच्या मशिदी-मकबऱ्यांच्या नक्षीतलं अर्धं गणित इथून सुरू होतं. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. सहलीला जाऊन आपण तिच्यासमोर फोटो काढून येतो. आदल्या दिवशी घरी दोन चौकोन एकावर एक तिरके ठेवून आठ टोकांचा तारा कातरलेला मुलगा त्या जाळीसमोर उभा राहिला तर वेगळ्या नजरेने बघतो. त्याला ती 'आपली शान' वगैरे वाटत नाही. हे कुणीतरी मोजून केलंय, हे त्याला दिसतं.

(सहा टोकांचा तारा कातरला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, हा तर इस्रायलचा. त्यांना सांगा, दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्याच्या भिंतीवर हा तारा आहे, आणि त्या इमारतीचं काम सोळाव्या शतकातलं आहे. आकृत्यांना पासपोर्ट नसतो.)

आता मला खरी अडचण वाटते ती सांगते. 'हाताने करण्याचा आनंद' हे शब्द सुखवस्तू घरात छान वाटतात. मुंब्रा, गोवंडी, भिवंडीच्या वस्त्यांत कितीतरी बायका घरबसल्या हाताचंच काम करतात. मणी ओवतात, टिकल्या लावतात, राख्या चिकटवतात, ओढण्यांना गोंडे बांधतात, डझनावर किंवा ग्रोसवर पैसे मिळतात. माझ्या एका मावशीने अशी वर्षानुवर्षं जरीची कामं केली, तिचे डोळे त्यात गेले. तिच्यापुढे जाऊन हस्तकलेच्या आनंदाचं गाणं गायला मला जीभ होणार नाही. तिच्यासाठी हाताचं काम म्हणजे ठेकेदाराने उद्या काय दर दिला याची धास्ती. पण हीच मावशी चाँदरातीला मेहंदीचा कोन हातात आला की आम्हा सगळ्या भाच्यांचे हात दोन दोन तास धरून बसायची. एकाही हातावर तीच नक्षी दुसऱ्यांदा नसायची. हात तेच, डोळे तेच, नजर वेगळी. दिवसभर शंभर सारखे नग करणाऱ्या माणसालाच एक वेगळा नग करण्याची चव जास्त कळते, असं मला तिच्याकडे बघून वाटायचं. हे मी तिला कधी विचारलं असतं तर तिने "चल, हाथ हिला मत" एवढंच म्हटलं असतं.

म्हणूनच दुसरी अट. हे काम बायकांच्या डोक्यावर आणखी एक ओझं म्हणून येता कामा नये. रमजानमध्ये बाई तीन वाजता सहेरीसाठी उठते, दुपारी चारपासून भजी, फळं, शरबत यांत असते, इफ्तारनंतर भांडी, मग तरावीहचा वेळ. त्यात इन्स्टाग्रामवरच्या 'रमजान होम'चं दडपण आलं आहे. आता वर तिने कंदीलही बांधायचा असं मी म्हटलं तर पहिली शिवी मलाच मिळावी. अस्र ते मगरिब हा वेळ घरातल्या पुरुषांचा आणि पोरांचा करा. त्या वेळात अब्बा लोक मोबाईल घेऊन पडलेले असतात किंवा चौकात उभे असतात. ताबुतांचं सगळं काम पुरुषांनी केलेलं आहे, पतंग पुरुष बनवतात, सेहऱ्याची फुलं ओवणारे हात बाजारात बहुतेक पुरुषांचेच दिसतात. तेव्हा कागद कातरणं मर्दानगीला शोभत नाही असं कोणी सांगू नये.

आणखी एक गोष्ट मला या वर्षी करून बघायची आहे, ती म्हणजे ईदची कार्डं. ऐंशी-नव्वदच्या दशकात घराघरांत ईदची कार्डं यायची. मशिदीचे मिनार, चंद्रकोर, गुलाब, खाली उर्दू शेर. ती कार्डं कपाटाच्या दाराला चिकटवली जायची, ईद-उल-अजहा आली तरी तिथेच असायची. आता ईदच्या सकाळी फोनवर दोनशे मेसेज येतात, सगळे पुढे ढकललेले. मुलांना सांगून पाच कार्डं करून घ्यायची, जास्त नाहीत. एक नानीला, एक शाळेच्या बाईंना, एक शेजारच्या काकूंना ज्या दरवर्षी शीरखुर्म्याची वाट बघतात, एक बिल्डिंगच्या वॉचमनला. पाचवं कोणाला ते मुलाने ठरवायचं, आणि विचारायचं नाही. चंद्रकोर वाकडी आली तर वाकडी जाऊ द्यावी. मोठ्यांनी हातात कात्री घेऊन 'थांब, मी नीट करून देतो' म्हटलं की खेळ संपला असं समजा.

वेळ कसा निवडावा यावरही थोडं. बरेच लोक पहिल्या रोजाआधीच सगळं लावून टाकतात. माझा अनुभव उलटा आहे. पहिले आठ-दहा दिवस घरात उत्साह आपोआप असतो. मधल्या अश्र्यात तो ओसरतो, मुलं चिडचिड करतात, शाळेच्या परीक्षा असतात. काम तेव्हा काढावं. रोज एक तारा कातरायचा नि दोरीला लावायचा असं ठेवलं तर विसाव्या रोजापर्यंत दारावर झालर होते. ज्या दिवशी रोजा जड गेला त्या दिवशीचा तारा कोणता, हे पोरांना बरोबर लक्षात राहतं.

सामान फार लागत नाही. घोटीव कागद किंवा पतंगी कागद कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात तावावर मिळतो. लग्नपत्रिका घरात पडलेल्या असतातच, त्यांचा सोनेरी भाग ताऱ्यांना उत्तम. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडे राहणाऱ्यांना यंत्रमागाचं उरलेलं रंगीत सूत मिळून जातं, त्याच्या झिरमिळ्या कागदापेक्षा चांगल्या होतात. सहा टोकांच्या ताऱ्यासाठी कागद गोल कापून अर्धा दुमडा, मग त्या अर्ध्याच्या तीन सारख्या घड्या, मग पुन्हा एकदा मधोमध, आणि तिरकी कात्री चालवा. आठ टोकांसाठी नुसतं अर्ध्यात अर्धं चार वेळा. कामट्यांचा कंदील करणार असाल तर आत मेणबत्ती नको, छोटा बल्ब लावा. आणि खळ मैद्यात पाणी घालून मंद आचेवर ढवळत करायची. जुने लोक किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे, ते विषारी असतं, पोरं आसपास असताना अजिबात घालू नका. उन्हाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून एका वेळी वाटीभरच करा.